बोटीत मीटर पळत नाही

आमच्या वर्कशॉपमध्ये चहाची सुट्टी पंधरा मिनिटांची. कोकणची ट्रिप झाली तीन दिवसांची. तरी ती ट्रिप दोन वर्षं त्या पंधरा मिनिटांत सांगून संपेना झालीय. कुणीतरी म्हणतं, "आणि ते आठवतंय का?" की सगळ्यांचे चहा गार!

आम्ही चौघं, गाड्या तीन. कुपवाडला पंपाचे पार्ट करतो. लेथवरचा विलास, वेल्डिंगचा सर्जेराव, गेटवरचे सुभेदार तात्या, म्हणजे फौजेतून रिटायर झालेले कोरेगावकडचे गृहस्थ, आणि स्टोअर सांभाळणारा मी. बेत साधा होता. कराडवरून कुंभार्ली घाट उतरायचा, मग समुद्राच्या कडेकडेनं जायचं, आणि खाडी आडवी आली की गाडीसकट फेरीबोटीत चढायचं.

*

विलासला ॲव्हरेजचं वेड. किती किलोमीटर झाले ते तो दर थांब्याला डायरीत लिहितो.

पहिली बोट दाभोळच्या खाडीत. आम्ही गाड्या लावून कठड्याला जाऊन उभे राहिलो. एका बाजूला डोंगर, एका बाजूला उघडा समुद्र, वर घारी. विलास मात्र गाडीवरच बसून, हेल्मेटसकट. पाच मिनिटांनी त्यानं हाक मारली, "गड्या, मीटर बंद पडलं!"

आम्ही पळत गेलो. मीटरला काहीच झालेलं दिसेना.

"आकडाच हलंना," तो म्हणाला, "आन् एवढं पुढं आलो की आपण!"

वीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस. पलीकडे उतरल्यावर मीटर आपोआप दुरुस्त झालं. तशी त्यानं डायरीत नोंदही केलीय.

*

तात्यांची नोकरी निम्मी वाळूत गेली, निम्मी बर्फात. पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. बोट हलली तसे त्यांनी दोन्ही हातांनी गाडीचं हँडल पकडलं आणि सावधानमध्ये उभे राहिले.

बोटीवरचा माणूस म्हणाला, "काका, सोडा की गाडी. स्टँडवर आहे, पडत नाही ती."

तात्या मान न वळवता म्हणाले, "तिला कोण धरतंय? मलाच तिचा आधार हाय."

*

सर्जेरावाला समुद्र बघून भरून आलं. त्याची बायको सगळा जन्म गावात, उसात. तिला समुद्र दाखवायचाच म्हणून त्यानं बोटीतून व्हिडिओ कॉल लावला. फोन आधी उजवीकडे फिरवला, मग डावीकडे. मावळतीचं ऊन पाण्यावर पडलेलं. लांब एक होडी. मग त्यानं फोन स्वतःकडे वळवला आणि हळूच विचारलं, "बघिटलास का?"

तिनं तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं.

"आवं," ती म्हणाली, "शर्ट उलटा घातलाय न्हवं का तुमी?"

*

गुहागरकडच्या एका खानावळीत ताटाबरोबर सोलकढी आली. सर्जेरावानं भाकरी कुस्करली, वाटी त्यावर ओतली, एक घास खाल्ला आणि खानावळवाल्या काकूंना म्हणाला, "काकू, रस्सा गार हाय. जरा तापवून आणा की."

"अहो, ती सोलकढी! तापवली तर फाटेल."

"फाटू द्या. गार रस्सा पचत न्हाई मला."

काकूंना पाहुण्याचं मन मोडवेना. त्यांनी खरंच तापवून आणली. सर्जेरावानं तीन वाट्या संपवल्या. आता घरीही तशीच करायला लावतो.

*

शेवटचा किस्सा जयगडच्या खाडीतला. आधीच सांगतो, बाई सुखरूप आहे, मुलगी झाली. जेटीवरच्या चहावाल्यानं दवाखान्यात फोन करून विचारून घेतलं, तेव्हाच आम्ही तिथून हललो.

भर दुपारची वेळ. बोट सुटायच्या बेतात असताना एक रिक्षा आली. आत कळा सुरू झालेली बाई, तिला धरून सासू, हँडलवर नवरा. सगळ्यांनी सरकून रिक्षेला पुढं जागा दिली. बोट सुटली. नवरा रुमालानं घाम पुसत होता, तो रुमालही भिजून गेला.

पलीकडचा काठ आला, बोटीची फळी खाली पडली, आणि रिक्षा सुरूच होईना! मागं जीप, टेम्पो, सगळे अडकलेले.

तात्या ओरडले, "धक्का मारा!" आम्ही चौघांनी जोर लावला. पण ओहोटी, त्यात जेटीच्या चढावर शेवाळ. रिक्षा चार हात वर गेली आणि घसरून होती तिथं आली. आतून बाई कळवळली.

"प्लग गेलाय," विलास म्हणाला.

"कार्बोरेटर हाय," सर्जेराव म्हणाला.

विलासनं टूलकिट काढलं, मागचं झाकण उघडलं. एवढ्यात आतून दात आवळून बाईचा आवाज आला, "अहो, काही खोलू नका! बोटीत चढताना यांनी पेट्रोलचा कॉक बंद केलाय. तो उघडा!"

नवऱ्यानं कॉक उघडला. रिक्षा सुरू झाली, चढाला लागली आणि बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

"उतरा तुम्ही," बाई म्हणाली. "मागं बसा."

"अगं, काय करतेस हे?" सासू ओरडली.

"रिक्षा माझी आहे ना, आई? रोज मीच चालवते. यांना चढाला क्लच सोडता येत नाही."

ती उतरली. बाहेरचा दांडा धरून एक कळ जाऊ दिली. मग पुढं बसली, रिक्षा सुरू केली आणि एका दमात चढ चढून गेली.

मागच्या सीटवर तिच्या जागी नवरा पोट धरून बसला होता.