पोहता येणाऱ्यांत माझं नाव

उद्या पहाटे साडेपाचला निघायचं आहे. मुलगा चाकणला कंपनीत सुपरवायझर आहे. त्याने कोकणात खाडीवरची हाऊसबोट ठरवली आहे. एक रात्र पाण्यावर मुक्काम. सकाळपासून मी बॅग तीनदा भरली, तीनदा उपसली. इंद्रायणीकाठच्या आमच्या चऱ्होलीत मला सगळे फौजी म्हणतात. फौजी घाबरला आहे, हे खरं आहे. शिक्षण चौथीपर्यंत, जमेल तसं लिहितो.

तरुणपणी फौजेत असताना मी आसामात नायक होतो, म्हणजे एका सेक्शनचा, छोट्या तुकडीचा म्होरक्या. पुराची ड्युटी लागली. बेटावर अडकलेली माणसं सकाळी काढायची होती, म्हणून माझ्या सेक्शनने रात्र मोठ्या लाकडी नावेवर काढायची, असा हुकूम आला. दुपारी एकपासून तयारी. दोर, कंदील, रेडिओ, बिस्किटं, पाण्याचे कॅन. सामान मी स्वतः मोजून चढवलं.

सिपाही महादू खरात माण तालुक्यातला. तिकडे प्यायला पाणी नाही, तर पोहायला कुठून येणार. दोर गुंडाळता गुंडाळता हळूच म्हणाला, "उस्ताद, मला पोहता येत न्हाई. रात्रभर पाण्यावर कसं व्हायचं?"

मी त्याला सगळ्यांदेखत झापलं. भर पुरात इंद्रायणी पार केली आहे म्हणालो, माझ्या सेक्शनमध्ये भित्रा माणूस नको म्हणालो. पोरं हसली. महादूही हसला.

ते खोटं होतं. नदीकाठी जन्मलो, पण गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलो नव्हतो. पलटणीत पहिल्या वर्षी एक थाप मारली आणि पुढे तीच सांभाळत बसलो.

तीनला फॉल-इन, सगळे रांगेत उभे. माणसं दहा, लाइफ जॅकेट सहा. सुभेदार साहेबांनी हुकूम दिला, "जिसको तैरना नहीं आता, एक कदम आगे."

चार जण पुढे झाले. त्यांना जॅकेट मिळाली. महादूने माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहत उभा राहिलो. माझे पाय हलले नाहीत, म्हणून त्याचेही हलले नाहीत. उरलेली दोन जॅकेट वल्ही मारणाऱ्यांना दिली.

संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी बेटाजवळ नांगर टाकत होतो. वाहत आलेला ओंडका नावेवर आदळला. नाव कलली. महादू काठावर होता, तो पाण्यात गेला.

नावेवरूनच सुभेदार साहेब ओरडले, "नायक, कूदो!"

सगळे माझ्याकडे बघत होते. इंद्रायणी पार केलेला मीच. माझ्या हातात दोर होता, तो फेकला. दोन हात कमी पडला. जॅकेट घातलेला एक जण उडी मारून गेला, पण पाण्याला ओढ फार होती. महादूचं डोकं दोनदा दिसलं. मग नुसतं गढूळ पाणी. रेडिओवर मीच बोललो, "एक जवान पानी में. नहीं मिल रहा. ओव्हर."

तिसऱ्या दिवशी सापडला. मी का उडी मारली नाही, हे कोणी विचारलं नाही. पाणी फार होतं, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरू दिलं. सुट्टीत त्याच्या गावी गेलो, तर बापाने मला घोंगडी अंथरून मानाने बसवलं. तिथंही तोंड उघडलं नाही.

आज चारच्या सुमाराला मुलगा मोबाइलवर बोटीचा फॉर्म भरत होता. कोणाला पोहता येतं, असं त्यात विचारलेलं. सुनेला म्हणाला, आबांचं काय विचारायचं, हो टाक. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मी सांगण्याआधीच ती वारली.

मी म्हणालो, "न्हाई टाक. मला पोहता येत न्हाई. कधीच येत नव्हतं."

मुलगा हसला. माझं तोंड बघून थांबला. मग मी त्याला बसवून सगळं सांगितलं. त्याने फॉर्मवर 'नाही' टाकलं. सून उठली आणि चहा टाकायला गेली. उद्या जाणार आहे मी. भीती आहे तशीच आहे.

सिपाही महादू खरात. वय बावीस. उंच, सावळा, भाकरी मोडताना दोन्ही हात वापरायचा. त्याला पाण्याची भीती होती आणि ती त्याने तोंडाने सांगितली होती. दहा जणांत तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.