मिठाच्या बरणीवरची रेघ

मी माझ्या आईवर चोरीचा आळ घेतला. चोर हा शब्द तोंडातून काढला नाही, एवढीच काय ती माझी सभ्यता. बाकी सगळं बोललो, तेही बहीण आणि भावोजींच्या समोर, रविवारी दुपारी, पानं वाढलेली असताना. चोरी कशाची, तर मिठाची.

हे लिहिताना हसू यायला हवं. मला अजून येत नाही.

पवईच्या एका ऑफिस इमारतीत मी स्टोअर सांभाळतो. साफसफाईचं सामान, हात धुवायचा साबण, टिश्यूचे गठ्ठे, फिनेलचे कॅन. वीस-बावीस वर्षं हेच काम. कॅन उघडला की त्यावर मार्करने रेघ मारायची आणि आठवड्याने बघायचं, किती उतरलं. माल जातो कुठे हे कोणी सांगत नाही, पण रेघ सांगते, असं मी नव्या माणसांना शिकवत आलो. माणसाच्या तोंडापेक्षा रेघेवर विश्वास ठेवायची सवय मला तिथे लागली. ती घरी घेऊन येईन असं वाटलं नव्हतं.

ऑफिसात तपासणीचं शिबिर झालं आणि माझं बीपी वाढलेलं निघालं. कोलेस्टेरॉलही. मुलुंडला आमच्या घराजवळ जे डॉक्टर आहेत त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात कोणाला हार्टचा त्रास?"

"वडिलांना," मी म्हणालो. "त्यातच गेले."

"मग तुम्ही आत्ताच सांभाळायचं," ते म्हणाले. एक गोळी सुरू केली आणि बाकीचं बोटांवर मोजून सांगितलं. रोज चालायचं, रमतगमत नाही, अंगाला घाम येईल असं. मीठ कमी. तळलेलं कमी. झोप पुरी. सिगरेट मी आधीच सोडली होती, त्याबद्दल शाबासकीही दिली. घरी मशीन घ्या म्हणाले, आणि बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं खुर्चीत टेकून, पाय जमिनीवर ठेवून, शांत बसा. मी डोळेही मिटून बसू लागलो. ही पाच मिनिटं पुढे महत्त्वाची ठरली.

घरी आल्यावर आईने रिपोर्टचा कागद हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, "तुझी दृष्ट काढूया रे. चांगलं चाललेलं बघवत नाही लोकांना."

"रिपोर्टमध्ये दृष्ट येत नाही, आई," मी म्हणालो. "हे थोतांड माझ्या घरात नको."

माझ्या घरात म्हणालो. बाबा गेल्यापासून ते घर तिनेच चालवलं होतं, गिरणीच्या चाळीतून मुलुंडपर्यंत आणलं होतं. तिने कागदाची घडी घालून देवाजवळ ठेवली.

मग मी नियम लावले. माझी बायको शाळेत शिकवते, सकाळी लवकर जाते, त्यामुळे सकाळचा स्वयंपाक आईकडे. आई मालवणकडची. तिच्या हातचं जेवण म्हणजे जिभेला जाग आणणारं. तिला मी सांगितलं की भाजीत मीठ निम्मं, लोणचं-पापड बंद, खारवलेला बांगडा घरात आणायचा नाही. तिने ऐकलं. पण पहिल्या दिवशी वाढताना पुटपुटली, "हे काय जेवण? आजाऱ्याचं पान."

हे पुटपुटणं माझ्या डोक्यात बसलं.

महिना झाला. मी सकाळी चालत होतो, डबा घरचा नेत होतो, दहाला झोपत होतो. एका वहीत सगळं लिहीत होतो. तरी मशीनवरचा वरचा आकडा म्हणावा तसा उतरेना. डॉक्टर म्हणाले, "मीठ कुठून तरी जातंय पोटात. बघा जरा."

मी बघू लागलो. बायकोच्या हातची संध्याकाळची भाजी सपक लागायची, आईच्या हातची सकाळची बरी लागायची. बरी का लागते? सुट्टीच्या दिवशी घरी जेवताना मी आईकडे बघायचो, ती माझ्या पानाकडे बघत असायची. मी घास घेतला की तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. मला वाटलं, हे पकडलं न गेलेल्या माणसाचं समाधान आहे.

एका शनिवारी घरात कोणी नसताना मी मिठाच्या काचेच्या बरणीवर मार्करने बारीक रेघ मारली. मागच्या बाजूने, लेबलाच्या कडेला. आठवड्याने पाहिलं, तर मीठ रेघेच्या चांगलं दोन बोटं खाली. तीन माणसांचं अळणी जेवण, आणि दोन बोटं.

"अगं, हे बघ," मी बायकोला दाखवलं.

"काय बघू? मीठ आहे, संपणार. सोनं आहे का?"

"इतकं? आई घालते. मला कळू न देता."

"अरे, मी तेच जेवते ना डब्यात! मला नाही लागत खारट. तू ना, घराचं स्टोअर करून ठेवलंयस. उद्या मलाही रेघ मारशील."

मी हसलो नाही. मला आणखी पुरावे दिसायला लागले होते. बेसिनच्या कडेला मिठाचे ओले खडे. एकदा मी बीपी मोजून डोळे उघडले तर आई माझ्या खुर्चीमागून स्वयंपाकघराकडे चालली होती, उजवी मूठ घट्ट मिटलेली. "हातात काय?" विचारलं तर म्हणाली, "काय नाय, कचरो." आई मुंबईला पन्नास वर्षं राहिली, पण गडबडली की तिची भाषा गावाला जाते. मी खुर्चीखाली वाकून पाहिलं. फरशीवर चार-पाच पांढरे दाणे. मला वाटलं, येता-जाता स्वतःच्या तोंडात टाकते की काय? या वयात? तिचंही बीपी आहे! मग वाटलं, नाही, हे माझ्याच ताटात जाणारं आहे. कसं जातं ते कळत नव्हतं, पण जातं याची खात्री होती. संशयाला तपशील पुरवावा लागत नाही.

मी बरणी लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली स्वतःकडे. रोज सकाळी दिवसभराचं मीठ एका वाटीत काढून द्यायचो. बायको म्हणाली, "झकास. आता रेशनकार्ड पण काढ आमचं." आईने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदराला हात पुसत आत गेली. तिच्या स्वयंपाकघरात तिला मी मीठ मोजून देत होतो. त्या दिवशी ती जेवली की नाही, मी वहीत लिहिलं नाही.

चार दिवसांनी लिफ्टमध्ये शेजारच्या गुजराती भाभी भेटल्या. आमच्याच मजल्यावर राहतात, आईला 'माजी' म्हणतात. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याकडे मीठ खलास झालं काय? माजी रोज मूठभर घेऊन जातात माझ्याकडून."

माझे कान तापले. दिवेलागणीला मीठ कोणाला द्यायचं नाही, कोणाकडे मागायचं नाही, हे मला लहानपणी आईनेच शिकवलं होतं. तीच आई रोज शेजारी जाऊन मीठ मागत होती. भाभी पुढे काहीतरी सांगत होत्या, "नाही, त्या तर म्हणतात की..." पण मजला आला आणि मी त्यांचं बोलणं अर्धवट टाकून बाहेर पडलो. मला हवं ते मिळालं होतं.

तो रविवार. मालाडहून बहीण आणि भावोजी जेवायला आलेले. आईने वाटाण्याची उसळ केली होती. पहिला घास घेतला आणि मला ती चविष्ट लागली. तेवढंच निमित्त झालं.

"आई, शेजाऱ्यांकडून आणलेलं मीठ यात किती आहे?"

सगळे थांबले. मी सगळं सांगितलं. रेघ, बेसिन, मूठ, लिफ्ट. एकेक पुरावा ताटाशेजारी मांडल्यासारखा. शेवटी म्हणालो, "बाबांना असंच खारट-तिखट खाऊ घालून घालवलंस, आता माझा नंबर लावलायस का?"

भावोजी म्हणाले, "अरे ए, जरा जपून." बहिणीने वाटी आपटली. आईने फक्त विचारलं, "तुका काय वाटला, मी तुका मारूक बसलंय?"

मी म्हणालो, "मग मीठ जातं कुठे ते सांग."

तिने उसळीवर झाकण ठेवलं आणि ती बहिणीला म्हणाली, "माका तुझ्यावांगडा ने." दोन साड्या आणि चष्म्याची डबी घेऊन ती मालाडला गेली. उसळ तशीच राहिली. संध्याकाळी बायकोने ती पुन्हा चाखली, वाटी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "यात मीठ कमीच आहे. कोकम जास्त आहे, म्हणून चव आली. आईंच्या हाताला चव आहे, तुला कळत नाही." आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आई नसलेल्या घरात मी दहा दिवस बीपी मोजलं. आकडा तिथेच होता. खरं सांगायचं तर एकदा थोडा वरच गेला. चोर घरातून गेला आणि चोरी चालूच होती.

पुढच्या भेटीला बायको माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आली. डॉक्टरांनी वही पाहिली. "छान लिहिलंय," ते म्हणाले. "आता वहीत नाही ते सांगा. चारच्या सुमाराला काय खाता?"

"काही नाही. जरा शेंगदाणे. हृदयाला चांगले असतात ना?"

बायकोने पर्समधून तीन रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातली. खारे शेंगदाणे. मसाला शेंगदाणे. तिसरं चण्याच्या डाळीचं, तळलेलं.

"रोज?" डॉक्टर म्हणाले.

"एखाद-दुसरं," मी म्हणालो, आणि बायकोकडे बघून, "रोज."

"आणि सकाळी चालून आल्यावर?"

चालून झाल्यावर आमचा चौघांचा कट्टा होता. चहा आणि खारी. कधी खारीऐवजी मेदूवडा. चाललोय ना, मग चालतंय, असा आमचा हिशोब. मी तोही सांगितला. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "पाकिटातलं मीठ दिसत नाही, खारीतलंही दिसत नाही. बरणीतलं दिसतं, म्हणून सगळे बरणीच्या मागे लागतात." त्यांना बरणीचं काही माहीत नव्हतं. सगळ्यांनाच सांगत असावेत. मी मान खाली घातली. स्टोअरमध्ये माझ्या टेबलाच्या खणात पाकिटांचा साठा होता. त्या खणावर मी कधी रेघ मारली नव्हती.

घरी येताना लिफ्टपाशी भाभी भेटल्या. "माजी कुठे आहेत? दिसत नाहीत. आता भाऊंची नजर कोण उतरवतं?"

"नजर?" बायकोने विचारलं.

"अरे, तुम्हाला माहीत नाही?" भाभींनी मूठ वळली आणि हवेत गोल फिरवून दाखवली. "भाऊ डोळे बंद करून बसतात ना मशीन लावायला, तेव्हा मागून. सकाळ-संध्याकाळ. मोहरी-मिरची जाळली तर ठसका येईल, भाऊ ओरडतील, म्हणून नुसतं मीठ. मग बेसिनमध्ये सोडून द्यायचं. मला म्हणाल्या, वाटीतलं घेतलं तर पोराच्या भाजीतलं कमी होईल. तुझ्याकडचं दे. एवढं एक वर्ष जाऊ दे, मग नाही मागणार."

"एक वर्ष का?" बायकोने विचारलं, पण मला कळलं होतं. बाबा गेले ते बावन्नाव्या वर्षी. मला मागच्याच महिन्यात बावन्नावं लागलं होतं. हे मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. आई मात्र ते वर्ष दिवसादिवसाने ढकलत होती, माझ्या खुर्चीमागे उभी राहून, मी पकडेन या भीतीने श्वास रोखून.

पुढच्या रविवारी मी मालाडला गेलो. बायको म्हणाली, "एकटा जा. आणि तोंड उघड, नुसता बसून येऊ नकोस." मी कपाटातून मिठाची बरणी काढली, किल्लीसकट पिशवीत घातली.

बहिणीने दार उघडलं आणि ती आत निघून गेली. भावोजी पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली केला नाही. आई जमिनीवर बसून वाल सोलत होती. मी समोर बसलो आणि बरणी मधे ठेवली, झाकणावर कपाटाची किल्ली. तिने चष्म्यावरून बघितलं.

"बरणी कित्याक हाडलंस? मालाडात मीठ गावणा नाय?"

बहीण आतून हसल्याचा आवाज आला. मला हसता आलं नाही. बरणीवरची रेघ तशीच होती, मी ती अंगठ्याने पुसायला लागलो आणि ती पुसली जाईना, म्हणून हात काढून घेतला. भावोजींना म्हणालो, पेपर ठेवा, तुमच्यासमोर बोललो होतो, तुमच्यासमोरच बोलायचंय. बहिणीलाही बाहेर बोलावलं. मग आईकडे वळलो.

"आई, तू माझ्या जेवणात मीठ घातलं नाहीस. मीठ मी खात होतो, ऑफिसात, पाकिटातून, रोज, आणि वहीत लिहीत नव्हतो. आळ तुझ्यावर घेतला. बाबांवरून जे बोललो, ते तर खोटंच होतं, आणि मला तेव्हाही माहीत होतं. तुला तुझ्याच घरात मीठ मोजून दिलं, शेजारी मागायला लावलं. माझं चुकलं. मला माफ कर."