दगूबाईची हाक

लोणखेड्याच्या शिवारात ज्वारी दाण्यात आली की दगूबाई राखणीच्या माळ्यावर चढायची, आणि मग पाखरांनी आपली दुसरीकडे सोय पाहावी. हातात गोफण असायची, पण तिचा खरा भरवसा आवाजावर. तिची 'हाऽऽ होऽऽ' शहाद्यापर्यंत ऐकू जाते असं गाव म्हणायचं. गावाला वाढवून सांगायची खोड, पण आवाज होता खरा. शिवारात रिवाज असा की एका माळ्यावरून हाक गेली की पलीकडच्या माळ्यावरून ओ द्यायची, म्हणजे कोणी डुलक्या घेत नाही हे कळतं. एके काळी दगूबाईला पलीकडून तिचा मगन ओ द्यायचा.

मानमोडीच्या साथीच्या वर्षी मगन गेला. साथीने नव्हे, रागाने. माळ्यावर डोळा लागला, पाखरांनी कणसं फस्त केली, आणि बापाने चारचौघांत झोडपलं. मिसरूडही न फुटलेलं पोर, तसंच चालू पडलं. पुढे नंदुरबारच्या बाजारात कोणी तरी सांगितलं, सुरतेकडच्या खाडीत मचव्यावर खलाशी आहे म्हणे. त्या एका 'म्हणे'वर बाईने दिवस काढले. नवरा वारला, ती म्हातारी झाली, तरी हाक मारून झाली की ओ यायला जागा ठेवल्यासारखी ती जरा थांबायची. शेजारच्या बाया हसायच्या. हसेनात बापड्या, त्यांची पोरं घरी होती.

गावचे दोधू मास्तर म्हणजे मगनचा लहानपणचा जोडीदार. दोघं गोमाई नदीत एकत्र डुंबलेले. मास्तरांना पाखरांचा नाद. सगळं गाव पाखरं हाकलतं आणि हा गृहस्थ दुर्बीण लावून ती बघत बसतो, म्हणून लोकांनी त्यांना केव्हाच वेड्यात काढलं होतं. त्या हिवाळ्यात मास्तरांनी शहाद्याचे एक वकील, एक डॉक्टर आणि दोन शिक्षक असे आणखी चार वेडे जमवले. सुरतेजवळ समुद्रकाठी कुठल्याशा संस्थानाची राखीव खाडी होती. तिथे बंदुकीला मनाई, त्यामुळे रोहित पक्ष्यांचे थवे निर्धास्त उतरतात असं त्यांनी ऐकलं होतं. सुरतेचं नाव कानावर पडलं मात्र, दगूबाई मास्तरांच्या दारात येऊन उभी राहिली.

"दोधू, माले ली चाल. तुमले भाकरी करी देसू."

"माय, तठे बोलनं नही, खोकनं बी नही. पाखरं उडी जातीन."

"मी मुकी व्हई जासू."

पाखरं हाकलण्यात जन्म गेलेल्या बाईला पाखरं बघायला न्यायचं म्हणजे मांजराकडे दुधाची राखण द्यायची. पण मास्तरांना नाही म्हणवेना.

नंदुरबारहून आगगाडीत बसल्यापासून बाईचं एकच काम. प्रत्येक तरण्या पोराचं तोंड न्याहाळायचं. सुरतेच्या ठेसनावर एका कोवळ्या हमालाच्या मागे ती चालायलाच लागली, तेव्हा मास्तरांनी तिला हाताला धरून परत आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बांधाआड पालथे पडले. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला, आणि रोहित उतरले. लांब पायांचे, गुलाबी पंखांचे, इतके की वकिलांना मोजताच येईनात. दगूबाईने पदराचा बोळा तोंडात धरला होता. तिची नजर पाखरांवर नव्हतीच. पलीकडच्या पाण्यातून एक मचवा निघाला होता, आणि पुढच्या टोकाला, नाळेवर, एक सडपातळ पोरगा उभा होता. अगदी तसाच, एका पायावर भार देऊन.

ती ताडकन उठली. "हाऽऽ होऽऽ!"

सगळी खाडी उडाली. आभाळ गुलाबी झालं आणि बघता बघता रिकामंही झालं.

"बाई, अक्कल काय शेण खायला गेली होती?" वकील ओरडले. ते तरी काय करणार, इतक्या लांब येऊन चिखल बघायची पाळी आली होती.

नाळेवरच्या पोराने वळूनही पाहिलं नाही. मास्तरांना तिच्याकडे बघवेना. ते तिच्याजवळ आले आणि दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली. "देख माय. मगन नही तो."

पोरगा भलताच होता, नाकाडोळ्यांनी वेगळाच. दुर्बीण जरा सरकली. मागे सुकाणूवर एक माणूस बसला होता, पिकल्या दाढीचा, अंगाने सुटलेला. तो मान वळवून बांधाकडे टक लावून बघत होता. दगूबाईने त्याला तसाच ओलांडला, मचव्यावर आणखी कोणी पोरगा दिसतो का ते पाहिलं, आणि दुर्बीण खाली घेतली.

समोर दोधू मास्तर उभे होते. धावपळीत टोपी पडली होती आणि कानशिलावरचे केस पांढरेशुभ्र दिसत होते. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"दोधू, तू अन् मगन एकच सालना ना रे?"

"हां माय."



"मंग मी इतला साल भलत्याच पोऱ्याले धुंडी ऱ्हायनू."

तिने घाईघाईने दुर्बीण डोळ्यांना लावली. मचवा वळणाआड गेला होता.