कॅप्टनच्या नावाचे गहू

१४ ऑगस्ट १९९३, नागपूर स्टेशन. हजर: बाबा, आई, नवरा, चार वर्षांची मैत्रेयी आणि मी. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या बाबांनी प्रत्येक बॅगेची दोरी ओढून पाहिली. म्हणाले, "पोचल्यावर आधी शेजार बघ. घर नंतर लाव."

सातासमुद्रापार ॲन आर्बरला शेजार मिळाला तो एलेनीकाकूंचा. मूळच्या ग्रीक, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी एक वाडगा आणून दिला. उकडलेले गहू, साखर, मनुका, डाळिंबाचे दाणे. शेजारचं भांडं आपण रिकामं परत करत नाही. मी त्यातल्याच गव्हांची गूळ-वेलदोडा घालून खीर केली आणि वाडगा भरून नेला.

काकू बघतच राहिल्या. ते गहू मेलेल्या माणसाच्या नावाने वाटतात, हे मला तेव्हा कळलं. तो त्यांच्या आजोबांचा, कॅप्टन स्टाव्रोस यांचा स्मरणदिवस होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी चमचा उचलला. "असू दे, डियर. आजोबा जन्मभर चौकीवर थंडच जेवले. आज गरम मिळालं."

मग दर हिवाळ्यात काकूंकडून कॅप्टनची गोष्ट ऐकली. मेंढपाळाचा मुलगा, साधा शिपाई म्हणून भरती झाला. अधिकारी होईपर्यंत केस पिकले. बरीच वर्षं डोंगरातल्या सरहद्दीवर गेली. १८९७ला थेसलीत तुर्कांपुढे ग्रीक सैन्य मागे हटलं, तेव्हा गावकऱ्यांच्या बैलगाड्या पूल ओलांडेपर्यंत हा मागे थांबला. घरी आला तर लोक म्हणाले, पळपुटा. त्याने गणवेश पेटीत घातला, कोंबड्या पाळल्या. लढाईचं बोलला ते फक्त नातीशी.

आता १९९८. काकूंचा गोष्टीतला क्रम चुकतो. पुलावरच्या कॅप्टनला त्या कोंबड्या राखायला बसवतात आणि मलाच विचारतात, "मग काय झालं, डियर?" मी सांगते. सोमवारी त्यांचा मुलगा त्यांना दूर प्लेनोला, आपल्या घरी घेऊन चाललाय. तिथे कोण सांगणार? काल म्हणाल्या, "यंदा गहू तू कर."

मैत्रेयी म्हणाली, "मॉम, ही इजन्ट इव्हन अवर ग्रँडपा!"

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. बाबाही सरहद्दीवर होते. कुठे, कुणाबरोबर, काय झालं, मला ओळीने दोन वाक्यं सांगता येणार नाहीत. गेल्या फोनवर त्यांनी एकच प्रश्न दोनदा विचारला, "तिकडे थंडी पडली का?" मी घाईत दोन्हीदा हो म्हटलं.

पूर्वी घर म्हणजे नागपूरचा पत्ता होता. आता वाटतं, आपण अडखळलो की पुढचं सांगणारं माणूस जिथे असतं, ते घर. बाबांजवळ आई आहे, पण सरहद्दीवरचं तिलाही ठाऊक नाही; तसं सांगणारं कुणी नाही.

वाडगा धुतला. गहू भिजत घातले. बाबांना विचारायचं राहिलंय.