जागा कोरडी ठेवा

मंडळी, आज डोकं फिरलंय. दुपारी चंद्रपुरात एका नातलगाला बघायला दवाखान्यात गेले होते. शेजारच्या पलंगावर एक माणूस होता. ऑपरेशनच्या जखमेतून त्याच्या आतड्यातली घाण बाहेर झिरपत होती. डॉक्टर त्याच्या बायकोला एवढंच म्हणाले, "जागा कोरडी ठेवा," आणि पुढे निघाले.

ऐंशीच्या दशकात नागभीडला माझ्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. आमच्या मायलेही एवढंच सांगितलं होतं. खाल्लं तर वाहील, म्हणून तिनं त्याचा भातच बंद केला. नुसती पेज.

"मले भूक लागली वं माय."

"थांब बाबू, आज पट्टी कोरडी हाये."

भाऊ गेला तेव्हाही पट्टी कोरडीच होती.

कातडी जपायची, पण अंगात ताकद येईल असं खाऊ घालायचं. मग आतड्याचं छिद्र आपोआप बुजू शकतं, नाहीतर पुन्हा ऑपरेशन झेपतं. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आज मी डॉक्टरांना अडवलं. "खायला काय द्यायचं, तेही सांगा ना!"

"ते काय सांगायचं? तेवढं कळतं त्यांना."

कळतं का हो? त्या बाईच्या डब्यात नुसती पेज होती.