मरळीची लेकरं

गावतळ्याच्या पाण्यावर लालसर ठिपक्यांचा पुंजका सरकत होता. मरळीची पिल्लं. खाली आई असणारच. तरीही भिवाकाका ढिवरांनी खांद्यावरचं जाळं उतरवलं नाही.

"फेका ना काका," मी म्हणालो. "सकाळपासून टोपली रिकामी हाये."

"तिले नेलं तं लेकरायले कोन पाहीन, बाप्पा?"

हे तळं बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं घाटतंय. इथं पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणाऱ्या ढिवरांना मासे जपता येत नाहीत, असं कारण सांगतात. सांगणारे या काठावर कधी उभे राहिलेत? समोर आलेला घास सोडून देणं म्हणजे जपणं, आणि ते रिकाम्या टोपलीचा माणूस करतोय.

"उद्या ग्रामसभेत हे सांगतोच," मी तावातावाने म्हणालो.

"सांग," काका म्हणाले. "पन जागा नोको सांगू."