अक्काच्या मजल्याची रेषा

आमच्या दाजींनी बत्तीस वर्षं माणसांना वर चढवलं आणि खाली उतरवलं. राजकारणात नव्हते, लिफ्ट दुरुस्त करत. दाजी म्हणजे माझ्या मधल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींच्या माथ्यावर, मशीनच्या खोलीत बसून त्यांनी डबा खाल्लेला आहे. इतर माणसं खिशाला पेन लावतात. दाजी पाणसळ ठेवत. गवंड्यांकडे असते तीच, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी यांत बोटभर फरक राहिला, तर त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. लग्न ठरायच्या आधी पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाले, "हे टेबल डावीकडे कललंय." टेबल आमच्या वडिलांनी स्वतः बनवलेलं होतं. लग्न तरीही झालं, यावरून ताईचा हट्ट कोणत्या प्रतीचा आहे हे ध्यानात यावं.

असा माणूस निवृत्त झाल्यावर घरात काय करणार? बिजागऱ्या ऐकणार. "स्वयंपाकघराचा दरवाजा कुरकुरतोय," असं ते दिवसातून चार वेळा सांगत. ताई म्हणायची, "दरवाजा नाही, मी कुरकुरतेय. तेल घालून बघा." शेवटी परगावी असलेल्या त्यांच्या मुलीने सुट्टीत येऊन कॉम्प्युटरवर एक नकाशा उघडून दिला. हा नकाशा कुठल्या कंपनीचा नाही, कुठल्या खात्याचा नाही. हौशी माणसं मिळून तो काढतात. ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने काढायचं. आकाशातून घेतलेलं छायाचित्र खाली दिसतं, त्यावर रेघ ओढायची, नाव द्यायचं, झालं.

दाजींना पंख फुटले. महिन्याभरात त्यांनी आमच्या भागातले नळ, बाकं, टपालपेट्या आणि सगळ्या लिफ्ट काढल्या. मग कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर झोपणारा कुत्राही काढला. दुसऱ्या दिवशी कुत्रा गायब. "कासव" असं टोपणनाव घेतलेल्या कुणा जुन्या नकाशेवाल्याने तो पुसला होता आणि खाली लिहिलं होतं, "कुत्री कायमस्वरूपी नसतात." दाजींनी त्याला पत्र धाडलं. संगणकावर पत्र लिहितानाही "सप्रेम नमस्कार, विनंती विशेष" लिहिणारा हा जगातला बहुधा एकमेव माणूस. "आपण आमच्या गल्लीत आलेले दिसत नाही. सदर कुत्रा नऊ वर्षं तिथेच आहे." कासवाने उत्तर दिलं नाही. कुत्र्यानेही जागा सोडली नाही.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग अक्का पडली.

अक्का आमची सगळ्यांत थोरली. टेकडीवरच्या वस्तीत मुलगा-सुनेबरोबर राहते. न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चौघांनी खुर्चीत बसवून घरी नेलं. कारण त्या घरापर्यंत गाडी जात नाही. बस खालच्या वळणावर सोडते आणि पुढे बहात्तर पायऱ्या. ताईच्या दोन्ही गुडघ्यांनी पायऱ्यांशी केव्हाच काडीमोड घेतलेला. मी एकदा सुचवलं, "तुलाही खुर्चीतून नेऊ." ती म्हणाली, "मी काय कपाट आहे?"

म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी, एक टेकडीच्या पायथ्याशी, एक माथ्यावर, आणि तीन महिने भेट नाही. ताईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अक्काच्या घरामागची कपडे वाळत घालायची दोरी मात्र दिसते. ताईने अक्काला एक हिरवीगार चादर दिली होती. एक दिवसाआड ती चादर दोरीवर दिसली की ताई सुस्कारा सोडायची. "अक्का पलंगावरून उठल्याशिवाय चादर निघत नाही. म्हणजे उठते आहे."

"पण ताई, फोनवर रोज बोलता की तुम्ही दोघी," मी म्हटलं.

"फोनवर अक्का खोटं बोलते. 'मी छान आहे' असं तिने म्हटलं की मला घोर लागतो. चादर खोटं बोलत नाही."

दाजी हे ऐकत होते. ते उठले, कॉम्प्युटरपाशी गेले आणि छायाचित्रात आपलं घर आणि अक्काचं घर शोधून काढलं. मधे अंतर अवघं तीनशे मीटर! खालून एक फिकट पायवाट वर जात होती, वरून एक फिकट पायवाट खाली येत होती, आणि मधला तुकडा झाडीत हरवला होता. दाजींनी दोन्ही टोकं जोडून टाकली.

पहिला बळी गेला अक्काला व्यायाम द्यायला जाणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा. बिचारी रोज बहात्तर पायऱ्या चढायची. दाजींनी तिला रस्त्यात गाठून मोबाईलवर नवी वाट दाखवली. दुसऱ्या दिवशी ती त्या वाटेने गेली आणि जुन्या खाणीच्या तळाशी पोचली. समोर दगडाची उभी भिंत. परत फिरून तिला इतका उशीर झाला की अक्काचा व्यायाम बुडाला, आणि नंतर तीन दिवस तिला वेळच नव्हता. संध्याकाळी ती दाजींच्या दारात उभी राहिली, गुडघ्यापर्यंत कुसळं.

"काका, तुमची वाट जिथून चढते ना, तिथून पडलेली माणसंच माझ्याकडे येतात."

एवढंच बोलून गेली. त्याच दिवशी नकाशावर कासवाचीही ओळ येऊन पडली होती: "ही वाट एका जागी उंचीच्या चार रेषा कापते. आपण स्वतः चाललात का?"

दाजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. बत्तीस वर्षं उंचीची भाकरी खाल्लेला माणूस नेमका उंचीच विसरला होता. ताई काही टोचून बोलली नाही, हे आणखी वाईट. तिने फक्त चहा दिला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

दाजींनी वाट पुसली आणि त्या चार रेषांच्या मागे लागले. भूगोलाच्या पुस्तकात समोच्च रेषा म्हणून असतात त्या. शाळेत आपण सगळे त्या पाठ करतो आणि परीक्षेच्या दालनातून बाहेर पडताना तिथेच ठेवून येतो. नकाशात एक कळ दाबली की या तपकिरी रेषा उमटतात. पहिल्या दिवशी दाजींनी मला फोन केला, "अरे, आपल्या टेकडीवर सात तळी आहेत! एकात एक!" दुसऱ्या दिवशी तळी आटली, पण रेषांवरचे आकडे बसचे नंबर वाटू लागले. मी म्हटलं, "दाजी, सहाशे चाळीस नंबरची बस या जगात कुठे असेल?" तर म्हणाले, "तीच तर शोधतोय."

चौथ्या दिवशी मात्र फोनवर त्यांचा आवाज वेगळा होता. हळू आणि खात्रीचा. लिफ्टचा नेमका बिघाड सापडला की असा यायचा म्हणे.

"हे मजले आहेत," ते म्हणाले. "एका रेषेपासून दुसरीपर्यंत दहा मीटर. म्हणजे तीन मजले आणि वर थोडं. रेषा जिथे चिकटल्यात तिथे मजल्यावर मजला उभा. मी त्या पोरीला तेरा मजले विनालिफ्ट चढवत होतो रे."

"आणि रेषा लांब लांब असल्या की?"

"हळूहळू चढ. आणि रेषेवरूनच चाललं तर..." इथे ते थांबले. "तर मजला बदलतच नाही."

मग त्यांनी अक्काच्या घरामागून जाणारी रेषा धरली. सहाशे चाळीसच ती. बोटाने तिच्यावरून चालत निघाले. रेषा टेकडीच्या पोटाला वळसा घालून, दोन घळींत आत शिरून बाहेर येऊन, पलीकडच्या अंगाला पोचली आणि पाणीपुरवठ्याच्या पंपघराला चिकटून गेली. पंपघराशी बसचा शेवटचा थांबा. ती बस ताईच्याच थांब्यावरून सुटते, फक्त उलट्या दिशेला जाते, म्हणून त्या वस्तीतल्या कुणी ती कधी धरलीच नव्हती. पंपघराचा थांबा आणि अक्काचं मागचं दार, दोन्ही एकाच मजल्यावर! मधे पावणेदोन किलोमीटरची गॅलरी.

"काढा मग," मी म्हटलं.

"चालल्याशिवाय नाही," दाजी म्हणाले. कासवाचा प्रश्न त्यांच्या चांगलाच जिव्हारी लागला होता.

आम्ही दोघं चाललो. दाजींच्या खिशात पाणसळ, माझ्या खिशात शेंगदाणे. पंपघरावरच्या माणसाने आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं. "जलवाहिनीच्या कडेची वाट आहे साहेब. पाणी आपोआप वाहण्यापुरता नावाला उतार, बाकी सपाट ठेवलीय. आठवड्यातून एकदा मी जातो झडपा बघायला. तुम्ही काय बघणार?" दाजी म्हणाले, "बुडबुडा."

आणि खरोखर दर पन्नास पावलांवर ते वाकून पाणसळ जमिनीवर ठेवत, बुडबुडा मधे आला की मान डोलावत. गवत होतं, दोन ठिकाणी काटे होते, पण वाट तळहातासारखी. दीड किलोमीटर झाल्यावर मी मनातल्या मनात टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तेवढ्यात एक ओढा आडवा आला. ओढ्यात उतरायला चार पायऱ्या, चढायला चार. दगडी, गुडघाभर उंच, धरायला काही नाही.

"नकाशात हे नव्हतं," मी म्हटलं.

"असणार नाही." दाजी वरच्या पायरीवर बसले. "दहा मीटरच्या आत जे काही आहे ते दोन रेषांच्या मधे बुडतं. नकाशाच्या हिशेबी हे काहीच नाही."

समोर, दोनशे पावलांवर, हिरवी चादर वाऱ्यावर फडफडत होती. ताईच्या गुडघ्यांच्या हिशेबी ती पुन्हा टेकडीच्या माथ्यावर होती. दाजींनी खिशातली पट्टी काढून पायऱ्यांची मापं घेतली आणि आम्ही परतलो.

पुढचे पाच दिवस दाजी सकाळीच पिशवी घेऊन गायब. ताईने विचारलं तर म्हणत, "सर्व्हिसिंग." सहाव्या दिवशी म्हणाले, "चल. पायात बूट घाल. जिथे नको वाटेल तिथून परत फिरू."

ताई म्हणाली, "पायऱ्या?"

दाजी खोटं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. "आहेत. आठ."

ताईने माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि बूट घातले.

वाटेवर लागल्यावर तिचं तोंड सुटलं. गवत का कापलं नाही, हा काय वास, याला तुम्ही सपाट म्हणता का. दाजींनी पाणसळ दाखवली. "ती तुमच्याच बाजूने बोलणार," ताई म्हणाली. पण चालत होती. एकेका वळणावर थांबून मांड्या चोळत होती, आणि पुन्हा चालत होती.

ओढा आला. पायऱ्यांच्या कडेला आता चकचकीत स्टीलचा कठडा होता, दगडात पक्का रोवलेला. अलीकडेही आणि पलीकडेही. मधे मधे दोन विटांची भर घालून अर्ध्यात पाय टेकायला जागा केली होती. ताई जवळ गेली. कठड्यावरून हात फिरवला. आणि एकदम कमरेवर हात.

"अहो! हा माझा फडकी वाळत घालायचा दांडा! तीन दिवस शोधतेय मी!"

होता तोच. भंगारात निघालेल्या कुठल्याशा लिफ्टमधून दाजींनी तो आणला होता आणि सहा वर्षं तो बाल्कनीत पडून होता. त्यावरून घरात जेवढी भांडणं झाली तेवढी मुलीच्या शिक्षणावरूनही झाली नसतील. तो कामाला येईल असं दाजी म्हणत, ताई म्हणायची, "माझ्या तेराव्याला." शेवटी तिनेच त्यावर फडकी टाकायला सुरुवात केली होती.

"दोन तुकडे केलेत," दाजी अपराध्यासारखे म्हणाले. "पंपघरवाल्याला विचारून लावलाय. सहा माणसांचा भार घेतो."

"मी एकटीच आहे," ताई म्हणाली आणि दांडा घट्ट धरून उतरू लागली. एक पाय, मग दुसरा, मग थांबा. दाजी तिच्या पुढे, पाठमोरे न होता, उलटे उतरत होते. पलीकडे चढून गेल्यावर तिच्या कपाळावर घाम होता आणि दांडा तिने सोडला नव्हता. "आता फडकी कुठे वाळत घालू?" एवढंच म्हणाली.

अक्काचं मागचं दार उघडंच होतं. सून अंगणात दोरीवर चादर घालत होती. आम्हाला बघून तिच्या हातातली चादर तशीच राहिली. ताईने तिच्या हातातून ती घेतली, आणि तिच्या बोटांना ते कळलं. चादर कोरडी होती. इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती.

"सासूबाई सांगतात म्हणून घालते," सून खाली बघत म्हणाली. "एक दिवसाआड. तुम्हाला खिडकीतून दिसते ना."

अक्का आत पलंगावर होती. अर्धी झाली होती. वॉकर भिंतीशी उभा, त्यावर धूळ; डॉक्टरीणबाईंचा व्यायाम पलंगावरच चाललेला. ताईला बघून तिने आधी पदर सावरला, मग डोळे पुसले, मग नेहमीचा ठसका आणला. "काय हो लिफ्टवाले, आणलंत का शेवटी माझ्या बहिणीला वर?"

"वर नाही अक्का," दाजी म्हणाले. "सरळ आणलं."

ताई पलंगाच्या कडेला बसली. चादर तिच्या मांडीवर होती. "तीन महिने," ती म्हणाली. "तीन महिने मी या चादरीवर जेवतेय, झोपतेय. उठली होतीस का तू एकदा तरी?"

"तू येऊ शकणार नव्हतीस. मग दोघींनी घोर करण्यात काय अर्थ होता?" अक्का म्हणाली. मग आवाज उतरला. "तुझ्याकडे सकाळी सहाला दिवा लागतो. तो मीही बघते. नाही लागला की दिवस जात नाही माझा."

दाजी आणि मी अंगणात जाऊन दोरीचा ताण तपासू लागलो, जी जगातली सर्वांत निरुपयोगी तपासणी होती. थोड्या वेळाने आतून ताईचा आवाज आला, "धर वॉकर. धर म्हणते ना. मी आठ पायऱ्या करून आलेय, तुला दारापर्यंत यायला काय झालं?" आणि मग चाकं नसलेल्या वॉकरचा ठक्, ठक् असा आवाज. दाजींनी कान टवकारले. "एका पायावर कमी भार देतेय," ते म्हणाले. "होईल सरळ."

त्या संध्याकाळी दाजींनी वाट काढली. पावणेदोन किलोमीटर, टेकडीच्या पोटाला धरून. टिपेत लिहिलं: सपाट, ओढ्यापाशी पायऱ्या, उतरताना डाव्या हाताला कठडा. कासवाचा प्रश्न आलाच: "आपण स्वतः चाललात का?" दाजींनी उत्तर लिहिलं, "सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. मी सात वेळा चाललो. पत्नी एकदा चालली; तिचं एकदा माझ्या शंभराला भारी आहे." कासवाने पहिल्यांदाच दोन ओळी लिहिल्या. पहिली: "मंजूर." दुसरी: "कुत्रा परत काढायला हरकत नाही."

दोन दिवसांनी, चादर दिसायच्या ठरल्या दिवशी, सकाळी ताईने खिडकीतून पाहिलं. दोरी रिकामी होती. चादर नाही, काही नाही. तिने दिवा मालवला आणि बूट शोधायला लागली.